शक्यतेचे व्याकरण : खगोलविषयक अनुबोधपट आणि पृथ्वीबाहेरची जीवसृष्टी

१

खगोलशास्त्रावरील दूरचित्रवाणी-अनुबोधपटांची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. शास्त्रज्ञ त्यांतील माहिती तपासून पाहतात. वृत्तपत्रीय परीक्षक त्यांची भव्यता, संगीत आणि छायालेखन ह्यांची वाखाणणी करतात. ह्या दोन्ही पद्धतींना आपापले स्थान आहे. तथापि ज्या अनुबोधपटांचा विषय पृथ्वीबाहेरची जीवसृष्टी हा आहे, त्यांच्या बाबतीत त्या अपुऱ्या पडतात. शनीची कडी, धूमकेतूचे पुच्छ किंवा सूर्यावरील डाग ह्या प्रत्यक्ष असलेल्या वस्तू होत. त्यांचे चित्र घेता येते आणि ते यथार्थ आहे किंवा नाही ह्याचा निर्णयही करता येतो. पृथ्वीबाहेरची जीवसृष्टी आजमितीस कोणाच्याही अवलोकनात आलेली नाही. तिच्याविषयी जे बोलावयाचे ते शक्यतेच्या भाषेतच बोलावे लागते. जी वस्तू अद्याप केवळ शक्यतेच्या कोटीत आहे ती पडद्यावर दाखवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा ह्या अनुबोधपटांपुढील खरा प्रश्न आहे. आणि तो जितका विज्ञानाचा तितकाच भाषेचाही आहे.

मराठी व्याकरणात आख्याताचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानण्याची परंपरा आहे. ‘मंगळावर जीवसृष्टी आहे’ हे विधान स्वार्थातले. ते खरे तरी असते किंवा खोटे तरी. ‘मंगळावर जीवसृष्टी असेल’ ह्यातील क्रियापद रूपाने भविष्यकाळी असले तरी येथे ते वर्तमानाविषयीचा अंदाज व्यक्त करते. ‘असावी’ ह्या विध्यर्थी रूपात अंदाजाच्या पाठीशी काही खूण, काही आधार असल्याची सूचना आहे. ‘असती’ हे संकेतार्थी रूप वापरताच एखादी अट अपुरी राहिली, असे ध्वनित होते. ‘असू शकेल’ असे म्हणणारा तर एवढेच सांगतो की, तसे असण्यास त्याला ज्ञात असलेला कोणताही नियम आड येत नाही. बोलणारा आपल्या विधानाची जबाबदारी किती प्रमाणात पत्करतो हे मराठीत क्रियापदाच्या टोकाशी असलेल्या एखाददुसऱ्या प्रत्ययावरून ठरते. प्रस्तुत विषयात हा प्रत्ययच सर्वांत महत्त्वाचा आहे.

ह्या संदर्भात ‘संभव’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ‘कुमारसंभव’ ह्या नावात त्याचा अर्थ जन्म, उत्पत्ती असा आहे. मराठीत तो मुख्यतः शक्यता ह्या अर्थी रूढ झाला. जे शक्य आहे आणि जे जन्मास आले आहे, ह्या दोहोंना एकाच शब्दाने कवेत घ्यावे हा शब्दार्थाच्या इतिहासातील योगायोग असेल. परंतु ज्या चुकीचा विचार येथे कर्तव्य आहे ती नेमकी हीच. म्हणून तीन कोटी आरंभीच वेगळ्या केलेल्या बऱ्या : शक्य, म्हणजे ज्याला कोणताही नियम प्रतिबंध करीत नाही ते, संभाव्य, म्हणजे ज्याच्या घडण्याचे प्रमाण अनुभवाच्या आधारे मांडता येते ते, आणि सिद्ध, म्हणजे जे आढळले आहे ते.

२

शब्दांना ह्या तीन कोटी वेगळ्या ठेवता येतात. चित्राला त्या ठेवता येत नाहीत. अमेरिकन अभ्यासक सॉल वर्थ ह्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात चित्रांना ‘नाही’ म्हणता येत नाही, असा सिद्धान्त मांडला होता. ‘घोडा नाही’ असे चित्र काढता येत नाही. घोड्याचे चित्र काढले की पडद्यावर घोडा असतो, न काढले तर काहीच नसते. हाच विचार एक पाऊल पुढे नेला तर असे म्हणता येईल की, चित्राला ‘असेल’ आणि ‘असावी’ असेही म्हणता येत नाही. चित्राचे आख्यात सदैव स्वार्थात असते. निवेदक ‘कदाचित अशा ग्रहावर प्राणी असू शकतील’ असे म्हणत असतो त्याच क्षणी पडद्यावर प्राणी चालत असतो. कानाला संशय ऐकू येतो आणि डोळ्याला निश्चय दिसतो. ह्या दोहोंत विरोध आला असता बहुतेक प्रेक्षकांच्या स्मरणात काय टिकते हे सांगण्यास मानसशास्त्राच्या प्रयोगांची आवश्यकता नाही.

अर्थात्, ही अडचण अलंघ्य आहे असे नव्हे. सिद्धान्त आणि कथा ह्यांतील सीमा प्रयोगातच दाखविण्याची सोय जुन्या कलाप्रकारांनीही केलेली आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण संपून उत्तररंगातील आख्यान सुरू होताना मध्ये विराम असतो. बुवांना हार घातला जातो, बुक्का लावला जातो, आणि आता ऐकावयाचे ते वेगळ्या प्रकारचे आहे हे श्रोत्याला कोणी न सांगता कळते. अनुबोधपटालाही अशी खूण निर्माण करता येते. ती त्याने केली आहे किंवा नाही, केली असल्यास ती अखेरपर्यंत प्रामाणिकपणे पाळली आहे किंवा नाही, ही ह्या प्रकारच्या कृतींची कसोटी मानावी, असे येथील प्रतिपादन आहे. ह्या कसोटीवर मुख्यतः ‘कॉसमॉस’ ही मालिका आणि तिच्या तुलनेसाठी एक अलीकडील मालिका येथे तपासली आहे.

३

‘कॉसमॉस’चे तेरा भाग अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २८ सप्टेंबर १९८० पासून प्रक्षेपित झाले. कार्ल सेगन, अ‍ॅन ड्रुयन आणि स्टीव्हन सोटर हे तिचे लेखक; स्वतः सेगन हेच निवेदक. सेगन हे ग्रहशास्त्रज्ञ होते आणि मंगळावरील व्हायकिंग मोहिमेत त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. जीवसृष्टीचा प्रश्न संपूर्ण मालिकेत विखुरलेला असला तरी दुसरा, पाचवा आणि बारावा हे तीन भाग त्यालाच वाहिलेले आहेत.

दुसऱ्या भागाची रचना ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आरंभी जपानच्या समुद्रातील हेइके खेकड्यांची कथा येते. ज्यांच्या पाठीवर सामुराई योद्ध्याचा चेहरा असल्यासारखे दिसते ते खेकडे कोळी पाण्यात परत सोडीत आणि त्यामुळे तशा खेकड्यांची संख्या वाढली, असे तेथे सांगितले आहे. ह्या स्पष्टीकरणाविषयी पुढे जीवशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत, कारण कोळी हे लहान खेकडे एरवीही खात नाहीत. परंतु कृत्रिम निवडीचे तत्त्व समजावून देण्याचे काम ती कथा करते. त्यानंतर नैसर्गिक निवड, पेशीची अंतर्रचना आणि आदिम वातावरणातील वायूंवर विजेच्या ठिणग्या पाडण्याचा प्रयोग अशा क्रमाने विवेचन पुढे जाते. गुरूच्या वातावरणात तरंगणारे महाकाय जीव येतात ते सर्वांत शेवटी.

हे जीव म्हणजे केवळ मालिकेसाठी रचलेले कल्पित नव्हे. सेगन आणि एडविन साल्पीटर ह्यांनी १९७६ साली एका शास्त्रीय निबंधात गुरूच्या ढगांत कोणत्या प्रकारचे जीव तग धरू शकतील ह्याचा हिशेब मांडला होता. बुडणारे, तरंगणारे आणि शिकारी असे त्यांचे वर्ग त्या निबंधातलेच. मालिकेत ते दाखविले आहेत ते अडॉल्फ शॅलर आदी चित्रकारांनी रंगविलेल्या चित्रांच्या द्वारे. कॅमेरा चित्रावरून सावकाश सरकतो. पडद्यावर दिसते ते रंगविलेले आहे हे लपत नाही. येथे तंत्राची मर्यादा गुणकारी ठरली आहे. रंगचित्र हे स्वतःच्या कल्पितपणाची कबुली आपल्या पोतातूनच देते. विध्यर्थी प्रत्ययाचे जे कार्य वाक्यात असते ते येथे कुंचल्याच्या फटकाऱ्याने केले आहे.

दुसरी खूण ‘कल्पनेचे यान’ ही होय. निवेदक एका दीपमाळेसारख्या उजळलेल्या यानात बसून विश्वात संचार करतो. हे यान आले की आता प्रत्यक्षाची भूमी सुटली, असा संकेत मालिका पहिल्या भागातच प्रस्थापित करते. मात्र ह्या संकेताच्या उपयोजनात एक दोष राहून गेला आहे. ह्याच यानातून निवेदक दुर्बिणीने पाहिलेल्या तेजोमेघांकडे आणि दीर्घिकांकडेही जातो आणि ह्याच यानातून तो कोणीही न पाहिलेल्या संस्कृतींकडेही जातो. जी खूण कल्पिताची म्हणून दिली तीच दूरस्थ परंतु सिद्ध वस्तूंनाही लावल्यामुळे तिचे अर्थभेदक सामर्थ्य उणे होते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर दोन भिन्न अर्थांसाठी एकच रूप वापरले गेले आहे, आणि त्यांचा भेद संदर्भावर सोपविला आहे. बाराव्या भागात ह्याचे परिणाम दिसतात.

४

तत्पूर्वी पाचव्या भागाचा विचार केला पाहिजे, कारण प्रस्तुत कसोटीवर तो सर्वांत यशस्वी भाग आहे. त्याचा विषय मंगळ हा आहे, आणि त्याची कथा एका शब्दाच्या अर्थविस्तारापासून सुरू होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १८७७ साली जोव्हानी स्किआपारेल्ली ह्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळाच्या पृष्ठावर रेषा दिसल्या. त्याने त्यांना ‘कनाली’ म्हटले. इटालियन भाषेत हा शब्द चर, ओहोळ, सामुद्रधुनी अशा नैसर्गिक रचनांना लागतो आणि खणलेल्या कालव्यालाही लागतो. इंग्रजीत तो कालवा ह्या अर्थाच्या शब्दाने रूढ झाला. ओहोळ आपोआप होतो. कालवा कोणी तरी खणावा लागतो. भाषांतरात कर्ता शिरला आणि कर्त्याबरोबर मंगळवासीही शिरले. पर्सिव्हल लॉवेल ह्यांनी १८९४ साली अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारून ह्या कालव्यांचे नकाशे काढले आणि त्यांवरून पाण्यासाठी झगडणाऱ्या एका प्राचीन संस्कृतीचे अनुमान केले. १९६५ साली मरिनर-४ ह्या यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, विवरे होती.

लॉवेल ह्यांची कथा मालिका उपहासाने सांगत नाही. त्यांनी जे पाहिले त्यामागे बुद्धी होतीच, प्रश्न एवढाच की ती दुर्बिणीच्या कोणत्या टोकाला होती, असा तिचा आशय आहे. त्यानंतर व्हायकिंग मोहीम येते. व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी आणि व्हायकिंग-२ हे ३ सप्टेंबर १९७६ रोजी मंगळावर उतरले. मंगळाच्या मातीत सूक्ष्म जीव आहेत किंवा काय हे पाहण्यासाठी त्यांवर तीन जीवशास्त्रीय प्रयोग योजिले होते. त्यांपैकी काहींनी जीवसदृश प्रतिसाद दिला. परंतु मातीत सेंद्रिय द्रव्यांचा माग लागला नाही, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्या प्रतिसादाचे स्पष्टीकरण रासायनिक मानले. सेगन ही सारी हकीकत सांगतात ते यानाच्या पूर्णाकृती प्रतिकृतीशेजारी, एका ओसाड वाळवंटात उभे राहून. ज्याने जीवसृष्टी सापडावी अशी उघड आशा धरली होती तोच मनुष्य ती सापडली नाही असे सांगतो.

चित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही हा वर्थ ह्यांचा सिद्धान्त येथे पुन्हा आठवतो. ह्या भागाने त्यातून काढलेली वाट अशी की, ‘नाही’चे चित्र न काढता ‘नाही’ कसे ठरविले गेले त्या कृतीचे चित्र काढले. मातीचा नमुना उचलणारा यांत्रिक हात, त्याला पुरविलेले पोषक द्रव, मोजलेला वायू ह्या साऱ्या प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी आहेत आणि त्या स्वार्थात दाखविल्या तरी असत्य होत नाहीत. निष्कर्षाची अनिश्चितता शब्दाकडे राहते, कृतीचे निश्चित रूप चित्राकडे राहते, आणि दोहोंत विरोध येत नाही.

ही पद्धत किती टिकाऊ आहे ह्याचा प्रत्यय उत्तरकाळात आला. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट ही लवणे सापडली. माती तापविली असता ही लवणे सेंद्रिय द्रव्यांचा नाश करू शकतात. म्हणजे व्हायकिंगला ती न आढळण्याचे कारण शोधण्याच्या रीतीतच असणे शक्य झाले. क्युरिऑसिटी यानाला मंगळावरील प्राचीन खडकांत सेंद्रिय रेणू आढळल्याचे २०१८ साली जाहीर करण्यात आले. सेंद्रिय रेणू म्हणजे जीव नव्हे. तरीही १९७६ चे ‘नाही’ ह्यामुळे ‘नसावे’ ह्या रूपाकडे सरकले. पाचवा भाग आज पाहताना त्याचा निष्कर्ष बदलावासा वाटेल. परंतु त्यातील एकही दृश्य खोटे ठरत नाही.

५

बाराव्या भागाविषयी असे म्हणता येत नाही. हा भाग महत्त्वाकांक्षी आहे आणि त्याची सुरुवात उत्तम आहे. परग्रहावरील लोकांनी आपणांस पळवून नेले होते असे सांगणाऱ्या एका अमेरिकन दाम्पत्याचा दावा मांडून, असामान्य दाव्याला तशाच तोलाचा पुरावा लागतो हा नियम तेथे घालून दिला आहे. त्यानंतर ड्रेक ह्यांचे समीकरण येते. फ्रँक ड्रेक ह्यांनी १९६१ साली चर्चेची रूपरेषा म्हणून ते मांडले होते. आकाशगंगेतील ताऱ्यांची संख्या, ग्रह असलेल्या ताऱ्यांचे प्रमाण, जीवयोग्य ग्रहांची संख्या, जीव उद्‌भवण्याचे, बुद्धी व तंत्रविद्या विकसित होण्याचे प्रमाण आणि तांत्रिक संस्कृतीचे आयुष्य ह्यांचा तो गुणाकार होय. सेगन सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांपासून आरंभ करतात, एकेक पद भरीत जातात, आणि संस्कृती लवकर आत्मनाश करून घेतात असे धरले तर अखेरीस दहाच्या आसपास उत्तर येते. काही थोड्या जरी तगल्या तरी ते लक्षावधींवर जाते.

समीकरणातील प्रत्येक पुढचे पद अधिक अनिश्चित आहे हे सेगन बोलून दाखवितात. परंतु पडद्यावर सर्व पदे सारख्याच आकाराच्या, सारख्याच उजेडाच्या अंकांनी भरली जातात. ताऱ्यांची संख्या ही निरीक्षणावर आधारलेली आहे. ग्रहांचे प्रमाण १९८० साली अनुमान होते आणि आज मोजमापाच्या कक्षेत आले आहे. जीव उद्‌भवण्याचे प्रमाण मात्र ज्ञात उदाहरण एकच असल्यामुळे १९८० सालीही सांगता येत नव्हते आणि आजही येत नाही. येथे शक्य आणि संभाव्य ह्या दोन कोटींची सरमिसळ झाली आहे. अंक हासुद्धा चित्राप्रमाणेच स्वार्थात बोलणारा आहे. ‘दहा’ ह्या अंकाला ‘असावेत’ असा प्रत्यय लागत नाही. पुढे ‘कल्पनेच्या याना’त बसून निवेदक आकाशगंगेतील संस्कृतींचा एक काल्पनिक कोश चाळतो तेव्हा ही सरमिसळ पूर्णतेस जाते. प्रत्येक संस्कृतीच्या नोंदीत वर्गांक आहेत आणि येत्या शंभर वर्षांत ती टिकण्याच्या शक्यतेची टक्केवारीही आहे. मानवजातीची नोंद त्याच नमुन्यात येते. तिचा नैतिक हेतू स्पष्ट आणि आदरणीय आहे : अण्वस्त्रांच्या छायेतील मानवाने स्वतःकडे दुरून पाहावे. परंतु हेतू आदरणीय असला तरी, पुराव्याचा नियम घालून देणाऱ्या भागातच पुराव्यावाचून टक्केवारी दिसावी ही विसंगती दृष्टिआड करता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या भागातील आणखी एक स्थळ अधिक विचारात पाडते. परग्रहावरून संदेश आल्यास तो समजेल कसा, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मालिका इजिप्तकडे वळते. शांपोल्याँ ह्याने १८२२ साली रोझेटा शिलेच्या साहाय्याने चित्रलिपीचे कोडे उलगडले. त्याप्रमाणे गणित आणि विज्ञान ही परग्रहवासीयांशी संवाद साधण्याची रोझेटा शिला ठरेल, असे तेथील प्रतिपादन आहे. हे साम्य मोहक आहे, परंतु ते जेवढे दाखविते तेवढेच झाकतेही. शांपोल्याँला तीन गोष्टी अनुकूल होत्या. शिलेवर तोच मजकूर ग्रीक भाषेत होता. टॉलेमी, क्लिओपात्रा ह्यांसारखी विशेषनामे दोन्ही लिप्यांत ओळखता येत होती. आणि प्राचीन ईजिप्शियन भाषेची वंशज असलेली कॉप्टिक भाषा त्याला अवगत होती. तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक. लिपी उलगडते ती बहुधा तिच्यामागची भाषा ओळखीची निघते तेव्हा. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस ह्याने द्विभाषिक लेखावाचून ‘लिनिअर बी’ ही लिपी वाचली, कारण तिच्यातील भाषा ग्रीक निघाली. तिची पूर्वज ‘लिनिअर ए’ ही लिपी, तिच्यातील पुष्कळ चिन्हे सारखी असूनही, आजतागायत उलगडलेली नाही.

ह्याहून जवळचे उदाहरण सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचे आहे. इरावतम् महादेवन् ह्यांनी १९७७ साली सिद्ध केलेल्या सूचीत ४१७ चिन्हे नोंदविलेली आहेत. लेखांची सरासरी लांबी सुमारे पाच चिन्हांची आहे आणि द्विभाषिक लेख एकही सापडलेला नाही. हे लेख लिहिणारे मानवच होते. त्यांना हात, डोळे, भूक, व्यापार, मृत्यू हे सर्व आपल्याप्रमाणेच होते. वजनांची त्यांची प्रमाणबद्ध पद्धती आपण मोजू शकतो, म्हणजे त्यांचे गणित काही अंशी आपल्याला कळले आहे. तरीही त्यांचे वाक्य आपल्याला कळत नाही. सामायिक गणितावरून सामायिक भाषेकडे जाण्याची वाट मालिका समजते तितकी सरळ नाही, एवढे ह्यावरून दिसून येते. मूळ संख्यांची मालिका पाठविणाऱ्याने बुद्धीचे अस्तित्व कळविले असे म्हणता येईल. त्याने काय म्हटले हे मात्र त्यातून कळणार नाही. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबो येथील दुर्बिणीतून पाठविलेला १६७९ खुणांचा संदेश ह्याच विश्वासावर रचलेला होता. त्या खुणा २३ आणि ७३ ह्या मूळ संख्यांच्या चौकटीत मांडल्या की चित्र उमटते, हे खरे. परंतु उमटलेल्या आकृतीला माणूस म्हणून ओळखण्यासाठी पाहणाऱ्याने आधी रेखाचित्राचा संकेत आत्मसात केलेला असला पाहिजे.

६

‘कॉसमॉस’नंतरच्या चार दशकांत ज्ञानाची स्थिती पालटली. १९९२ साली एका स्पंदताऱ्याभोवती आणि १९९५ साली ५१ पेगासी ह्या सूर्यसदृश ताऱ्याभोवती ग्रह आढळले. २०२५ च्या सप्टेंबरात अशा निश्चित झालेल्या ग्रहांच्या संख्येने ६,००० चा टप्पा ओलांडला. चित्रणाचे तंत्रही पालटले. संगणकाच्या साहाय्याने आता कल्पित प्राण्याच्या अंगावर केस, डोळ्यांत ओलावा आणि पायांखाली धूळ दाखविता येते. २०२० साली नेटफ्लिक्सवर आलेली ‘एलियन वर्ल्ड्‌स’ ही चार भागांची मालिका ह्या तंत्राचा नमुना आहे.

तिची मूळ कल्पना निर्दोष आहे. अ‍ॅटलस, जेनस, ईडन आणि टेरा असे चार ग्रह कल्पून, पृथ्वीवरील जीवशास्त्राचे नियम तेथे लावले तर काय होईल हे पाहावयाचे. दाट वातावरणाच्या ग्रहावर उडणे सुलभ होईल. एक बाजू सदैव ताऱ्याकडे असलेल्या ग्रहावर उष्ण आणि शीत प्रदेशांतील प्राण्यांची घडण भिन्न होईल. हे तर्क संकेतार्थी आहेत आणि त्या मर्यादेत उद्‌बोधक आहेत. पृथ्वीवरील प्राण्यांची जी दृश्ये अधूनमधून येतात तीही उत्कृष्ट आहेत. दोष आहे तो जोडणीचा. पृथ्वीवरील खऱ्या प्राण्याचे दृश्य आणि अ‍ॅटलसवरील कल्पित प्राण्याचे दृश्य ह्यांत प्रकाशयोजना, कॅमेऱ्याची हालचाल, निवेदकाचा स्वर ह्यांपैकी कशानेही भेद केलेला नाही. आरंभीची ‘असे असू शकेल’ ही कबुली एकदा उच्चारली गेली की पुढे कल्पित प्राणी निर्विकल्प वर्तमानकाळात खातो, पळतो, विणतो आणि मरतो. शॅलर ह्यांच्या चित्रात जी कबुली कुंचल्याने दिली होती ती येथे तंत्राच्या परिपूर्णतेने पुसून टाकली आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, आजचा प्रेक्षक भोळा नाही. असे प्राणी संगणकाने घडविलेले आहेत हे त्याला ठाऊक असते. हा आक्षेप रास्त आहे, आणि प्रेक्षक फसतो असे येथे म्हणावयाचेही नाही. नुकसान होते ते निराळे. चार ग्रहांवरील सर्व कल्पना सारख्या विश्वसनीय नाहीत. दाट हवेत उड्डाण सुलभ होते हा पदार्थविज्ञानाचा परिणाम आहे. टेरावरील अतिप्रगत जीवांचे मेंदू टाक्यांत ठेवलेले असतील ही शुद्ध कथाकल्पना आहे. दोन्ही एकाच तकाकीत दाखविल्यामुळे प्रेक्षकापुढे ‘सर्व खरे’ किंवा ‘सर्व खोटे’ एवढाच पर्याय उरतो. मधल्या पायऱ्या नाहीशा होतात. आणि ह्या विषयातील सर्व विज्ञान त्या मधल्या पायऱ्यांवरच उभे आहे.

त्याचा परिणाम वृत्तांवरही दिसतो. २०२५ च्या एप्रिल महिन्यात केंब्रिज येथील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८ बी ह्या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर मुख्यतः सागरी जीवांमुळे निर्माण होणाऱ्या एका वायूच्या खुणा दिसत असल्याचे जाहीर केले. त्यांची भाषा जपून वापरलेली होती, आणि अन्य अभ्यासकांनी त्या खुणांविषयी लवकरच शंका उपस्थित केल्या. परंतु बातमीसोबत सर्वत्र झळकले ते चित्रकाराने कल्पिलेल्या एका ग्रहाचे सुबक चित्र. प्रत्यक्ष निरीक्षण म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटातील एक नागमोडी रेषा होती.

७

संयत विधानाचा एक नमुना भारतातीलच आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रावरून एक मोठा फुगा आकाशात सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने त्याने आणले. ह्या प्रयोगाचे नेतृत्व जयंत नारळीकर ह्यांच्याकडे होते. नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ साली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने जाहीर केले. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले हे ह्या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, अशी पुस्तीही त्याच निवेदनात होती. ह्या प्रयोगावर कोणी अनुबोधपट केला तर त्याला फुगा दाखविता येईल, काचेच्या बशीतील जिवाणूंची वाढ दाखविता येईल. दोन्ही खरी. ते जिवाणू वरून आले की खालून गेले हे मात्र कोणत्याही चित्रात दिसणार नाही. तेथे वाक्यच लागेल, आणि त्या वाक्याचा प्रत्यय बरोबर असावा लागेल.

ही गरज वैज्ञानिकांनाही जाणवली आहे. जेम्स ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात, पृथ्वीबाहेरील जीवाच्या पुराव्यासाठी सात पायऱ्यांची एक श्रेणी सुचविली. केवळ एखादी खूण आढळणे ही पहिली पायरी. खुणेचे कारण दूषित नमुना नाही ह्याची खात्री, निर्जीव कारणांचे निराकरण, स्वतंत्र निरीक्षणाने पुष्टी अशा क्रमाने ती वर चढते. व्याकरणाच्या अभ्यासकाला ह्या श्रेणीत ओळखीचे काही तरी दिसेल : ‘असू शकेल’पासून ‘आहे’पर्यंतच्या रूपांना तेथे क्रमांक देण्यात आले आहेत.

तात्पर्य, पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीवरील अनुबोधपटाचे मूल्यमापन करताना त्यातील कल्पना धाडसी आहे की भित्री ह्यापेक्षा, प्रत्येक दृश्याचे आख्यात कोणत्या अर्थात आहे आणि ते प्रेक्षकाला कळण्याची कोणती सोय केली आहे, हे पाहणे अधिक फलदायी होईल. ह्या दृष्टीने ‘कॉसमॉस’चा पाचवा भाग आदर्श ठरतो, दुसरा भाग आपल्या साधनांच्या मर्यादेमुळे तरून जातो, आणि बारावा भाग स्वतः घालून दिलेल्या नियमातून निसटतो. ‘एलियन वर्ल्ड्‌स’मध्ये नियमाची आठवण फक्त आरंभी उरते.

असे निवेदन मराठीत आणण्याचा प्रसंग आला तर हा विचार आणखी निकडीचा होतो. इंग्रजीतील ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ ह्या सहायक क्रियापदांची निवेदनात सर्रास अदलाबदल होते, आणि त्यांच्यातील भेद बोलणाराही नेहमी पाळीत नाही. मराठी अनुवादकाला मात्र ‘असेल’, ‘असावी’, ‘असू शकेल’ आणि ‘असती’ ह्यांपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि ती करण्यासाठी मूळ विधानामागचा पुरावा कोणत्या प्रतीचा आहे हे त्याला तपासावे लागते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी अशा एखाद्या भागाचे निवेदन घेऊन प्रत्येक क्रियापदापाशी ही निवड करून पाहावी. मूळ कृतीत पुरावा कोठे संपला आणि दृश्य कोठे एकट्यानेच पुढे गेले, हे त्यांना त्या टिपणातच वाक्यागणिक सापडेल.